डिझेलचा धूर आणि विटाळाची भाषा

मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली ती २०२३ च्या ऑक्टोबरात. त्याच प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने राज्य शासनाला सांगितले की, मुंबईच्या रस्त्यांवरून डिझेल-पेट्रोलची वाहने टप्प्याटप्प्याने काढून टाकता येतील काय, याचा जाणकारांकडून अभ्यास करून घ्या. २२ जानेवारीला शासनाने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. फक्त सीएनजीच्या आणि विजेच्या वाहनांनाच परवानगी द्यावी काय, हे तिने तीन महिन्यांत सांगायचे होते. कक्षा मुंबई महानगर प्रदेशाची. त्यात ठाणे आणि रायगडबरोबर पालघर जिल्ह्याचाही भाग येतो, म्हणजे आमचे वसई-विरार आलेच.

तेव्हापासून आमच्याकडे हा वाद चालू आहे. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तो एका भाषेत चालतो, महामार्गालगतच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या. स्टाफरूम म्हणते, डिझेल बंद झालेच पाहिजे, मुलांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे. टपरी म्हणते, डिझेल बंद म्हणजे चूल बंद. माझी दोन्हीकडे उठबस आहे. पगार स्टाफरूमच्या बाजूने येतो, आणि माझी फी ज्या कमाईतून भरली गेली ती टपरीसमोरच्या रस्त्यावरची. दोन्ही बाजू पुष्कळ दिवस ऐकल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गाडी चालवणारा माणूस श्वासही घेतो, हे दोघांच्याही बोलण्यात येत नाही. स्टाफरूमच्या लेखी तो धूर सोडणारा आहे. टपरीच्या लेखी, म्हणजे त्याच्या स्वतःच्याही लेखी, तो पोट असलेला आहे. फुप्फुसे तेवढी इतरांना आहेत.

मी मराठी शिकवतो. संहितेत कोण बोलतो, कोणाविषयी बोलले जाते आणि कोण अजिबात येत नाही, हे पाहायला मुलांना सांगणे हा माझा रोजचा उद्योग. समीक्षा कवितासंग्रहाचीच करावी असा दंडक कोणी घातलेला नाही, शासननिर्णयही वाचावा. या समितीत अध्यक्षांखेरीज कोण होते? परिवहन आयुक्त, मुंबईचे वाहतूक सहपोलीस आयुक्त, महानगर गॅसचे व्यवस्थापकीय संचालक, महावितरणचे प्रकल्प व्यवस्थापक, मोटार उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेचे अध्यक्ष, आणि सदस्य-सचिव म्हणून सहपरिवहन आयुक्त. गॅस विकणारा आहे, वीज विकणारा आहे, गाड्या विकणारा आहे, दंड करणारा आहे. छातीचा डॉक्टर नाही. ड्रायव्हर नाही, हमाल नाही, कचरागाडीवरचा सफाई कामगार नाही. बाहेरच्या जाणकारांना बोलावण्याची मुभा समितीला होती हे खरे. पण बोलावणे आणि पंगतीत बसवणे यांतला फरक या नियतकालिकाच्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. (जाता जाता: आमच्याकडे गॅस महानगर गॅसचा येत नाही, गुजरात गॅसचा येतो. पालघर जिल्हा कक्षेत आहे एवढे नेमणाऱ्यांना ठाऊक होते, तिथे सिलिंडर कोण भरतो हे बहुधा ध्यानात आले नाही.)

आता शब्दाकडे येतो. 'प्रदूषण' हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला तो गेल्या पन्नासेक वर्षांत. महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९६९ साली केला, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली आले, हवेसाठीचा केंद्रीय कायदा १९८१ चा. इंग्रजीत मात्र जातिव्यवस्थेवर लिहिणारे पंडित 'विटाळ' सांगताना जो शब्द वापरीत आले, तोच शब्द धुराड्यातून येणाऱ्या काजळीसाठीही आहे. मराठीने दोहोंसाठी दोन शब्द केले हे बरे झाले, कारण दोन्ही गोष्टी एक नाहीत. विटाळ ही मनूच्या डोक्यातली कल्पना. त्याचे कण कुठल्या यंत्राने मोजता येत नाहीत. डिझेलचा धूर मोजता येतो, आणि तो माणूस मारतो. तेव्हा 'प्रदूषणाची ओरड हे उच्चवर्णीयांचे थोतांड आहे' असे आपल्यातले काही उत्साही मित्र म्हणतात ते मला मान्य नाही. धूर खरा आहे. माझा आक्षेप उपायावर आहे. विटाळावरचा उपाय एकच होता: ज्याच्यामुळे विटाळ होतो त्याला गावकुसाबाहेर ठेवा. डिझेलवरच्या उपायातही पुन्हा पुन्हा तेच येते.

देशावरच्या जुन्या गावांत महारवाडा बहुधा गावाच्या पूर्वेला असे. वारा पश्चिमेचा, आमच्या अंगावरून गेलेला वारा गावात शिरू नये ही त्यामागची 'दूरदृष्टी' म्हातारी माणसे सांगत. चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले तेव्हा पाण्याचा प्रश्न चव्हाट्यावर आला. वाऱ्याला तळ्यासारखा काठ नसतो, म्हणून त्याचा सत्याग्रह करता आला नाही. पण वाऱ्याचीही वाटणी झालेली होती. वसई-विरारचा नकाशा काढून पाहा. पश्चिमेला समुद्र, वाड्या, जुनी गावठाणे, अलीकडचे मोठाले गृहसंकुल. रेल्वे रूळ ओलांडून पूर्वेला आले की वालीव, सातिवली, पेल्हारकडचे गाळे, नालासोपाऱ्याच्या दाट चाळी आणि मग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८. दिवसभर समुद्रावरून येणारा वारा आधी पश्चिमेला लागतो आणि पूर्वेचा धूर पूर्वेलाच ढकलतो. थंडीत रात्री वारा उलटतो. तेवढ्या वेळात पश्चिमेला खोकला लागतो, आणि प्रदूषणावरची पत्रे वर्तमानपत्रांत येऊ लागतात.

बाहेर ढकललेली गाडी जाते कुठे, हे दिल्लीने दाखवून दिले आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना तिथे मनाई केली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बाद ठरलेल्या कितीतरी गाड्या भंगारात न जाता आरटीओचा ना हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यांत गेल्या, नवा नंबर लावून धावू लागल्या. दिल्लीची हवा त्यामुळे किती सुधारली हा वेगळा विषय. धूर मात्र राजधानीतून उठून लहान गावांत गेला. उद्या वसई-विरारमध्ये बंदी आली तर आमच्या गाड्या कुठे जातील? जव्हार-मोखाड्याकडे, जिथे आदिवासी माणूस जीपच्या मागे लटकून बाजाराला जातो. आम्ही मुंबईचे गावकूस; आमचे गावकूस ते.

माझ्या वडिलांविषयी येथे लिहिणे भाग आहे. ते आधी ट्रकवर क्लीनर होते, पुढे ड्रायव्हर झाले. पूर्वेच्या दगडखाणीतून खडी भरायची, मुंबईत टाकायची, रिकामी गाडी परत आणायची. जुन्या ट्रकमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला लागून असते. उन्हाळ्यात केबिनची भट्टी होते, म्हणून काचा उघड्या. काचा उघड्या म्हणून पुढच्या गाडीचा धूर आत. खाडीपुलाच्या तोंडाशी गाड्या तासन् तास अडकत आणि सगळी इंजिने चालूच असत. घरी आल्यावर ते उपरण्याने नाक पुसत तेव्हा उपरण्यावर काळा डाग पडे, आणि आई ते उपरणे वेगळे धूत असे. पन्नाशीनंतर त्यांना जिना चढवेना. दवाखान्यात केसपेपरवर विचारले, बिडी ओढता? नाही. तंबाखू? कधीमधी. 'काय काम करता' हे कोणी विचारले नाही, कारण केसपेपरवर तो रकानाच नव्हता. मी चिडलो तर वडील म्हणाले, "धूर खाल्ला तवा तुझी फी भरली, आता कशाला कुनाला दोष देतो?"

मी त्या वाक्याशी बरीच वर्षे भांडतो आहे.

जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, तंबाखूच्या रांगेत. हा निष्कर्ष ज्या पुराव्यावर उभा आहे तो कोणाच्या फुप्फुसांतून आला? खाणकामगारांच्या, रेल्वे कामगारांच्या, ट्रक ड्रायव्हरांच्या. शास्त्राने हा धूर घातक ठरवला तो कामगाराची छाती तपासून. आणि त्याच शास्त्राचा हवाला देऊन आमच्याकडे जेव्हा वाद घातला जातो, तेव्हा तो कामगार पुराव्यातून आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन बसतो. ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले तेही ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना. त्याआधीच्या लाखो गाड्यांच्या काचा उघड्याच आहेत.

दुसऱ्या बाजूचीही झाडाझडती घेतली पाहिजे. बंदीची गोष्ट निघाली की गाडीमालक उठतात आणि 'गरीब ड्रायव्हर' पुढे करतात. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगा आहे. सकाळी कॉलेज, दुपारपासून रात्रीपर्यंत सातिवलीच्या एका गाळेवाल्याचा डिझेल टेम्पो चालवतो. टेम्पो त्याचा नाही. मालकाने त्याला सांगून ठेवले आहे, बंदी आली तर गाडी काढीन, तू तुझे बघ. म्हणजे ज्याच्या नावाने बंदीला विरोध होतो तो बंदी आली तरी रस्त्यावर, न आली तरी धुरात. २०२१ च्या भंगार धोरणात गाडी मोडीत काढल्याचा दाखला मालकाला मिळतो, नव्या गाडीच्या करातली सूट मालकाला मिळते. ती गाडी पाच वर्षे हाकणाऱ्याला त्या धोरणात नावसुद्धा नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होत असे. एक टेम्पो, एक ड्रायव्हर असा व्यवहार असला की तो कायदा दारातूनच परत जात असे. तेव्हा मालकांच्या संघटनांनी आमच्या पोरांच्या आडून बोलू नये, आणि आपल्या पुढाऱ्यांनी त्यांच्या मोर्चात निळे झेंडे घेऊन फुकट जाऊ नये.

मग डिझेलचा खरा लाभ कोणी घेतला? शेतकऱ्याचा पंप, एसटी आणि मालवाहतूक यांच्यासाठी सरकारने कित्येक वर्षे डिझेलचा भाव पेट्रोलपेक्षा खाली धरून ठेवला. पेट्रोलचे भाव २०१० साली मोकळे झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या चार वर्षांत दोन्हींतली तफावत वाढली आणि सुखवस्तू घरांनी डिझेलच्या मोठाल्या मोटारी घेतल्या. शेतकऱ्याच्या नावावरचे स्वस्त तेल त्यांनी जाळले. त्यांना कोणी 'धूर सोडणारे' म्हणाले नाही. दिल्लीत डिसेंबर २०१५ मध्ये २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल मोटारींची नोंदणी न्यायालयाने थांबवली, पण ऑगस्ट २०१६ मध्ये किमतीच्या एक टक्का उपकर भरून ती पुन्हा खुली झाली. एकदा एक टक्का भरला की आयुष्यभर धूर सोडायला मोकळे. त्याच दिल्लीत शिरणाऱ्या ट्रकने मात्र प्रत्येक फेरीला पर्यावरण भरपाई मोजायची. आणि आपल्याकडे? ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर मोटारींचा टोल माफ झाला. दहिसर नाक्यावरून डिझेलची एसयूव्ही एकटा माणूस घेऊन फुकट आत जाते. शेजारच्या रांगेतला ट्रक सगळ्यांसाठी भाजी, सिमेंट, औषधे घेऊन टोल भरतो. ही माफी देताना हवेचा विचार कोणी केला होता काय?

आपल्या साहित्याकडे वळतो, कारण हा जाब फक्त सरकारला विचारून भागणार नाही. मराठी ललित गद्यात निसर्ग भरपूर आहे. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' मी दरवर्षी आवडीने शिकवतो. वसईची स्वतःची हिरवी परंपरा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ बिल्डरांशी झुंजली, आणि ती झुंज खरी होती. तरी तिच्या चित्रात वाडी दिसते, विहीर दिसते. महामार्गावरची टपरी मला दिसली नाही. ते त्यांचे झाले. आपले काय? बाबुराव बागुलांनी रेल्वेत काम केले, नामदेव ढसाळांनी मुंबईत टॅक्सी चालवली. स्टिअरिंग आणि इंजिन आपल्या साहित्यिकांच्या हाताखालून गेलेले आहे. आपल्या आत्मकथनांनी भूक लिहिली, पाणी लिहिले, मेलेले ढोर लिहिले. कवितेत 'घुसमट' आणि 'गुदमरणे' तर इतके आले की कुठलाही नवा दलित कवितासंग्रह उघडावा आणि दहाव्या पानाच्या आत ते सापडावे. पण ही सारी घुसमट जातीची, मनाची, व्यवस्थेची. ज्याचा दम खरोखरच लागतो, जो रात्री दोन उशांवर टेकून बसून झोपतो, तो माणूस या घुसमटीत कुठे आहे? प्रतिमा इतकी वापरली की तिच्याखालचे शरीर आपल्याला दिसेनासे झाले. हे मी इतरांना सांगत नाही. माझ्याही जुन्या कवितांत हाच दोष आहे, आणि त्या लिहिल्या तेव्हा वडील शेजारच्या खोलीत खोकत होते.

मी डिझेलवरच्या निर्बंधांच्या बाजूचा आहे, हे स्पष्टच लिहितो. प्रश्न क्रमाचा आणि खर्चाचा आहे. आधी खाजगी डिझेल मोटारी थांबवा. त्यांच्या मालकांना दुसरी मोटार परवडते. मग शासनाच्या आणि महापालिकांच्या स्वतःच्या गाड्या. त्यातही पहिल्या कचऱ्याच्या, कारण त्यांच्या मागच्या फळीवर उभा राहणारा माणूस कचरा आणि धूर दोन्ही एकदम घेतो, आणि तो माणूस कुठल्या समाजाचा आहे हे वेगळे सांगायला नको. कंत्राटदारांचे डंपर त्यानंतर, त्यांच्याच पैशाने. एका टेम्पोवर घर चालवणाऱ्याची पाळी शेवटी, आणि त्याला गाडी बदलायला सरकारी कर्ज हवे. भंगाराच्या सवलतीत चालवणाऱ्याचाही वाटा हवा. आणि बाद गाडी दुसऱ्या जिल्ह्यात नोंदवायची नाही, मोडायची. नाहीतर हवा शुद्ध झाली असे म्हणता येणार नाही. ती फक्त मोखाड्याला पाठवली गेली.

विजेच्या गाड्यांविषयी आपल्या लोकांत एक अकारण परकेपणा आहे, जणू ती श्रीमंतांची चैन. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना १९४३ साली वीजधोरण समितीपुढे बोलले होते. वीज भरपूर हवी, स्वस्त हवी, आणि ती कशासाठी, तर दारिद्र्याच्या चक्रातून माणूस सुटण्यासाठी, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. शिवाय विरारपर्यंतचा लोहमार्ग विजेवर आला १९३६ साली. आमच्याकडचा कामगार नव्वद वर्षे विजेच्याच गाडीने कामावर जातो आहे, दाराला लोंबकळत. त्याबद्दल त्याला पर्यावरणप्रेमी म्हणून कोणी हार घातल्याचे ऐकिवात नाही.

आमच्या नालासोपाऱ्यात, म्हणजे प्राचीन शूर्पारकात, भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली स्तूप उकरला. तिथेच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, पुढे नवव्याचाही. आठव्यात राजा शिकारीच्या सहली सोडून रस्त्याने लोकांना भेटायला निघाल्याचे सांगतो. नवव्यात दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे हा धम्माचाच भाग मानला आहे. धोरण ठरवणाऱ्यांनी तेवढे केले तरी पुष्कळ झाले. एक रात्र महामार्गावर, केबिनमध्ये, काचा उघड्या ठेवून काढावी.

त्या टेम्पोवाल्या विद्यार्थ्याला मी हे सारे बोलून दाखवले. तो म्हणाला, "सर, तुम्ही लिहा, मला भाडे आहे." मी म्हटले, माझे लिहून झाले, आता तू लिही, दुपारी गाडी काढल्यापासून रात्री गाळ्यावर परत लावेपर्यंत काय काय नाकात जाते ते लिही, घुसमट हा शब्द न वापरता. त्याने वहीची सात पाने भरून आणली आहेत. शुद्धलेखन यथातथाच आहे, पण धूर खरा आहे. अजून गाडी दहिसर नाक्यापर्यंतच पोचली आहे. पुरी झाली की संपादकांकडे पाठवीन.